दोन सूत

मिरजेत, दर्ग्याच्या मागच्या गल्लीत
दस्तगीरचाचांनी सतारीकडे बघितलंच नाही आधी.
म्हणाले, हात दाखवा.
ज्योतिषाला दाखवावा तसा मी तळवा पुढे केला.
"असा नव्हे. धरायचा तसा."
मग दोऱ्यानं मापला,
अंगठ्याच्या बेचक्यापासून मधल्या बोटाच्या पेरापर्यंत,
आणि गाठ मारून दोरा दातात धरला.

रात्रपाळीचा हात आहे हा.
सलाईनची शीर पहिल्या टोचणीत सापडते याला.
पण मध्यमावरून तार ओढायला घेतली
की अंगठा मागून सुटतो
आणि सूर अर्ध्या वाटेत बसकण मारतो.

सतार किर्लोस्करवाडीच्या एका टर्नरची.
लेथवर चाळीस वर्षं काढलेला माणूस,
पंजा म्हणजे भाकरीचा तवा.
विकताना म्हणाला, होईल सवय, सिस्टर.
सहा वर्षं झाली.
सवय झाली ती मनगटाला शेक द्यायची.

"रुंदी कमी करा," मी म्हटलं. "दोन सूत. तीन काढा हवं तर."
चाचांनी कानावरची पेन्सिल काढली,
परत कानावर ठेवली.
"रुंदी म्हणजे तारेचं अंगण.
तेच कापलं तर मींड खेळायला कुठं जाणार,
शेजाऱ्याच्या दारात?
दोन सुतांत एक सूर जाईल.
कुठला नको तो सांगा."

वॉर्डात मी लोकांपुढे कागद सरकवते,
इथं सही करा म्हणते, घाई असते.
आज कागद माझ्यापुढे.

त्यांनी डोळे मिटून
दांडीच्या पाठीवरून अंगठा नेला, खुंट्यांपासून भोपळ्यापर्यंत.
"पुढून ठीक आहे हो. पाठीलाच पोट सुटलंय.
टर्नरला चाललं ते."

पुतण्यानं पडदे सोडून
वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, बाजारभावांवर.
चाचा फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडू लागले,
दोन हात मारायचे, एक टिचकी, कान लावून ऐकायचं.
आत पोकळ असते दांडी.
छातीवर बोट वाजवून ऐकणारे
आमचे जुने डॉक्टर असेच थांबायचे
टिचकी आणि निदान यांच्यामध्ये.
तुणीचा तांबूस भुसा माझ्या पांढऱ्या बुटांवर पडत राहिला.

पॉलिशखाली एक काळा डाग निघाला.
मशीनचं तेल, अंगठ्याएवढं,
लाकडात मुरलेलं.
"हा काढू?"
"नको."
"काढता यायचाच नाही. इथं त्यानंच पातळ केलंय."

संध्याकाळी तारा चढल्या.
माझा अंगठा डागावर बसत नाही,
बोटभर वर बसतो, कोऱ्या लाकडावर.
मध्यमावरून ओढली तार.
पंचम आला. अंगठा जागेवर.
आणखी ओढली.
धैवत दारापर्यंत येऊन परत फिरला.

मी चाचांकडे बघितलं.
ते माझा दोरा गुंडाळत होते, वर न बघता म्हणाले,
"तो आमच्या दुकानात मिळत नाही."

आठला ड्यूटी होती.