गव्हाण मोडल्यावर

विकेनबर्गच्या बाहेर डांबरी रस्ता संपतो,
तिथून पुढं तीन मैल. रात्रीचे अडीच.
वेंडेल हॅस्कम फोनवर एवढंच म्हणाला होता :
ती सारखी आपल्याच पोटाकडं बघतेय.

टान्सी. तांबूस घोडी, अठरा वर्षांची.
पुढच्या खुरानं जमीन उकरायची,
गुडघे मोडून बसता बसता
पुन्हा उठायची.
घोड्याला ओकता येत नाही.
आत गेलेलं पुढंच सरकायला हवं,
नाहीतर बसतं तळाशी, कण कण,
कुणाला न कळता, वर्षभर.

स्टेथोस्कोप पोटाखाली लावला,
जिथं ते सगळ्यात खोल लोंबतं,
आणि ऐकू आली गाज.
लाट मागं सरताना
ओली पुळण जशी सळसळते, तशीच.
मी वेंगुर्ल्याची. मला फसवणं कठीण.
इथून समुद्र म्हणजे दिवसभराची गाडी.

नळ्या वेंडेलच्या कानात दिल्या.
"पाऊस?" त्यानं विचारलं.
वाळू, म्हटलं. आवाज येतोय तोवर हलतेय.

नाकातून नळी घातली. बादलीत कोमट पाणी,
आणि डब्यातला तो भुसा, लेबलवर सायलियम.
आमच्याकडे बाबा रोज झोपताना प्यायचे,
घाईघाईनं, घट्ट व्हायच्या आत,
तोंड वाकडं करून.
इसबगोल. फारसीत म्हणे घोड्याचा कान :
बी तसं दिसतं.
टान्सीचे कान मी चाचपले. गार होते.

मग रबरी हातमोज्यात थोडी लीद, वर पाणी,
आणि कुंपणाच्या तारेला टांगून ठेवला.

वेंडेल उलट्या बादलीवर बसला.
"गव्हाण मागच्या थंडीत मोडली," म्हणाला.
"पत्रा गंजला होता. रूथचं तेव्हाच सगळं चाललं होतं,
हॉस्पिटल वगैरे.
मी गवत खालीच टाकत गेलो.
खायची ती. वेचून वेचून खायची."
मी सलाइनची बाटली बदलली.

उजाडलं तेव्हा हातमोजा भरला होता.
आधी बोटं, करंगळीसुद्धा,
मग तळव्यापर्यंत.
वेंडेलनं तो तारेवरून काढला,
आणि ओळखीच्या माणसाचा धरावा तसा
धरून उभा राहिला.

सव्वासहाला मागं धप्प आवाज झाला.
जड, ओली लीद, उन्हात चमचमणारी.
टान्सीनं शेपटी झटकली,
बादली हुंगली, नको म्हणाली.

"गव्हाण किती उंच बांधू?"
त्यानं हात न सोडताच विचारलं.
मी माझ्या छातीशी
आडवा तळवा धरून दाखवला.