नवतप्यातली पाहुणी

चुकीच्या महिन्यात आल्या तुम्ही, मार्याबाई.
संत्र्यांचं शहर म्हणून कुठंतरी वाचलं,
पण संत्री कधीचीच उतरली, विकली, सोलून झाली.
आता बर्फी मिळेल. डब्याच्या झाकणावर चित्र आहे, ते बघून घ्या.
मारबत पाहायची तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या,
दीक्षाभूमीवरचा माणसांचा पूर दसऱ्याला,
फुटाळ्यावरची गार हवा दिवाळीनंतर.
नवतप्यात इथं काय असते?
ऊन असते. आणि आम्ही असतो.

मग तिथूनच सुरू करू.
हा कांदा घ्या. खायचा नाही,
नुसता खिशात ठेवायचा,
पासपोर्ट ठेवता तसा.
हा दुपट्टा. डोळे सोडून सगळं बांधा.
झालं, आता गोळीबार चौकातल्या कोणत्याही पोरीसारख्या दिसता,
कोणी विचारणार नाही कुठल्या म्हणून.

तुम्ही ज्याच्यासाठी तार्तूहून आल्या
तो माग ह्या खड्ड्यात होता.
बाबा कमरेपर्यंत जमिनीत बसून लुगडी विणायचे.
लहानपणी मला वाटे,
माणूस असाच उगवतो, अर्धा.
माग भंगारात गेला, खड्डा राहिला.
त्यात आता कूलरचं गवत ठेवतो.
मे महिन्यात दिवसाला वीस ताट्या भरतो मी,
आणि बोटं अजून गवतातसुद्धा
आडवा-उभा धागा शोधतात.
हे लिहून घ्या पाहिजे तर.
फोटो काढण्यासारखं काही नाही.

हा झिरो माइलचा दगड.
म्हणतात, इथून देश मोजला.
चार घोडे बघा, केव्हाचे उधळलेत,
एक पाऊल पुढे गेले नाहीत.
तुम्ही विचारलं, मधोमध राहून कसं वाटते?
खरं सांगू?
समुद्र सगळीकडून सारखाच लांब.
गाड्या मात्र साऱ्या इथूनच जातात,
रात्री दोनला दहा मिनिटं थांबतात.
अर्ध्या देशानं आम्हाला झोपेतच पाहिलं,
खिडकीतून,
च्याय च्याय ऐकत कूस बदलताना.

आता भाषा.
घरात आई कोष्टी बोलायची,
गल्लीत मराठी, इतवारीत भावताव हिंदीत,
आणि भांडणात तिन्ही.
‘का’ विचारायला आमच्याकडे ‘काहून’ आहे,
त्यात थोडी तक्रार आधीच मिसळलेली असते.
‘बाप्पा’ म्हणजे देव नाही दर वेळी;
बिल पाहूनही म्हणतो.
पुण्याची मामेबहीण आम्हाला हसते,
ती म्हणते ‘जातेय’. सरळ, एका शब्दात गेली.
आम्ही म्हणतो, जाऊन राहिलो.

तुम्ही वहीवर बोट ठेवलं.
जाणं आणि राहणं, एकाच वाक्यात? कसं?
चौपन्न वर्षं बोलून राहिलो, बाई,
मला कोणी विचारलंच नव्हतं.
समोरच्या पराते गुरुजींचा शरद
अकरा वर्षं मस्कतला आहे,
फोनवर अजून सांगते त्याला त्याची आई:
तू येऊन राहिला, असं वाटते रे रोज.
चुकीचं असेल.
पण ‘येतोयस’ म्हटलं असतं तर
तिला कधीतरी दार लावावं लागलं असतं.

दुपारी तीनला लाइन गेली.
कूलर थांबला, पंखा थांबला,
तुमच्या टेपरेकॉर्डरमध्ये फक्त एक कावळा आला.
ओल्या फरशीवर पाय टेकवून बसलो आपण.
तुम्ही तुमच्या भाषेतला बर्फाचा एक शब्द सांगितला,
मार्चमधला, वरून कडक, पायाखाली पाणी.
मी तो तीनदा म्हटला, तिन्ही वेळा चुकलो,
तरी जरा गार वाटलं.

स्टेशनवर तुम्ही हात जोडले नाहीत,
थँक्यू म्हटलं नाही.
पायरीवर चढून, नीट आठवून,
एकेक अक्षर वेगळं टाकत म्हणाल्या:
मी जाऊन राहिली, ढाकाटेभाऊ.

हमालानं वळून पाहिलं.
मी म्हटलं, हो, दिसून राहिलं ना बाप्पा.
आणखी काहीतरी बोलायचं होतं, सुचलं नाही.
गाडी अजनीच्या पुलाखालून गेल्यावर आठवलं,
कांदा तुमच्याच खिशात राहिला.