चार सेकंद, अकरा फ्रेम

डावीकडून येतो,
हातात मातीचा कुंजा, काठोकाठ भरलेला,
उंबऱ्याशी आडवा झोपलेला कुत्रा एका ढांगेत ओलांडतो
आणि उजव्या कडेतून निघून जातो.
चार सेकंद, अकरा फ्रेम.
वाइनचा थेंब सांडत नाही.

सहा तासांच्या लग्नात आंझोर एवढाच.
बाकी सगळीकडे पाठ, कोपर,
कुणाच्या तरी टोपीमागून अर्धा कान.
बाद्री कॅमेरा घेऊन नवरीभोवती फिरत होता, पैसे त्याचेच ठरलेले.
आणि हा नवरीचा बाप,
बसा म्हटलं की "आलोच" म्हणणारा.

चाळिसावा दिवस झाल्यावर एलिसोचा फोन आला.
"फिक्रिया, लांबव ना त्यांना थोडं."
थोडं म्हणजे किती, मी विचारलं नाही.

कुताईसीत रात्री एकनंतर
रिओनीचं पाणी ऐकू येतं, आणि माझ्या कॉम्प्युटरचा पंखा.
क्लिपवर राइट-क्लिक.
वेगाच्या रकान्यात शंभर खोडून पन्नास.
टाइमलाइनवरची निळी पट्टी लांबते,
आणि तिच्यापुढचे सगळे, केक, नाच, आत्याचं रडणं,
मुकाट्यानं सरकून
या माणसाला जागा देतात,
जी त्यानं कधी मागितली नव्हती.

पन्नासवर बरा दिसतो.
पंचवीसवर खऱ्या फ्रेम पुरत नाहीत.
मग मधल्या जागा सॉफ्टवेअर आपल्या मनानं भरतं:
इथला गुडघा बघतं, तिथला बघतं,
मधला गुडघा अंदाजे.
कुत्र्याला क्षणभर पाचवा पाय फुटतो.
कुंज्याचा कान वितळून बोटांत मिसळतो.
मागून कुणी हाक मारलीय, "आंझोर!",
ती विहिरीतून यावी तशी येते,
आंऽऽऽ, आणि झोर येईपर्यंत
माझा चहा निवलेला.

दहावर एक चेहरा सापडला.
कॅमेऱ्यानं तो कधी पाहिला नव्हता,
आंझोरनंही कधी केला नसेल.
हसू येण्याच्या जरा अलीकडचा.
देखणा होता हो.
कुणाला कळलं नसतं.

रद्द केलं. मूळ क्लिप कॉपी केली,
पेस्ट, पेस्ट, हात थांबेना,
सात झाले.
सात आंझोर एकामागून एक
सात वेळा तो कुत्रा ओलांडतात,
कुत्रा एकदाही डोळा उघडत नाही.
एकाचा वेग बदलला तर उरलेल्या सहांना पत्ता नाही.
शिकायला येणाऱ्या पोरांना मी सांगत असते,
खुशाल ताणा, कापा, उलटं चालवा,
मूळ फाइलला काही होत नाही.
त्या रात्री हेच वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं
आणि पोरांना उद्यापासून दुसरं काहीतरी सांगायचं ठरवलं.

रविवारी एलिसो आली, पिशवीत अक्रोड.
पन्नासवरचा बघितला. गप्प.
पंचवीसवरचा सुरू झाला
तसा तिनं माझा मनगटावरचा हात धरला.
"हे बंद कर.
शेवटच्या महिन्यात असेच चालायचे,
पायाखाली जमीन आहे का बघत बघत."

मग शंभरवर.
आला, ओलांडला, गेला.
"हां," ती म्हणाली, आणि हसलीच,
"हे आमचे."
परत लावू?
"नको. ते कुठं परत यायचे,
आणायला गेले की शेजाऱ्याकडेच रमायचे."

तर सिनेमात तो एकदाच आहे,
केक आणि आत्याच्या रडण्यामध्ये,
पापणी लवली तर चुकेल असा.
नकला पुसल्या. सहा.
सातवी टाइमलाइनच्या पार टोकाला ठेवलीय,
सिनेमा संपल्यावर तीन तासांच्या काळ्या पट्टीपलीकडे,
तिथवर कुणी येत नाही.

अक्रोड फोडता फोडता मी सहज विचारलं,
कुत्रा आहे का अजून?
"आहे ना. तिथंच झोपतो, बरोब्बर वाटेत.
आम्ही वळसा घालून जातो."