पहिल्या बाकावर

"बाई, आधी हे बारा शब्द उतरवून घ्या,"
विल्केर म्हणाला, "कागदावर. फोनमध्ये नको.
कुणाला दाखवायचे नाहीत. हरवले
तर जगात कुणीच ते परत देऊ शकत नाही."
शब्द इंग्रजी. मला एकाचाही अर्थ लागेना.
विजेच्या बिलाच्या पाठीवर
एकेक अक्षर बघून बघून काढलं,
जीभ दातांत धरून,
पहिलीतली पोरं काढायची तसं.

माराकाइबोत दुपारी तीनला
कुत्रीसुद्धा सावली बदलत नाहीत.
पंखा चालू होता, म्हणजे वीज होती,
म्हणजे घाई होती.
पोर चौदा वर्षांचं. याची आई माझ्याच वर्गात,
यूस्मेली. सातच्या पाढ्याला हमखास अडायची.
आता तिकडे चिलीत
कुणाकुणाच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते
आणि महिन्याला पैसे पाठवते.
मला पाठवणारं कुणी नाही. माझी पेन्शन
अंड्यांच्या एका ट्रेत मावते,
वर ट्रे थोडा रिकामा उरतो.

"यातून मिळतं काही?"
"मिळतं थोडं. पूर्वी जास्त मिळायचं."
हे वाक्य आमच्या गावात
कशालाही लागू पडतं,
तेलाच्या विहिरींपासून.

पत्ते भाड्याने घेतले, दोन दिवसांच्या बोलीवर,
त्याच्याच खात्यातल्या चिल्लरीतून.
भाड्याने! माझा बाप डॉमिनोत
मनगटावरचं घड्याळ हरला होता,
पण सोंगट्या त्याच्या स्वतःच्या होत्या.
सहा पत्ते: गेंडा, चिखलाचा माणूस, एक तिरंदाज बाई,
दोन जुळे मांत्रिक,
आणि एक उंदीर,
एवढासा, डोक्यावर अंगुस्तानाचं शिरस्त्राण.
"आता रांग लावा," तो म्हणाला. "दोन मिनिटं आहेत."

रांग!
एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?
बुटके पुढे, उंच मागे,
म्हणजे फळा सगळ्यांना दिसतो.
उंदराला मी पहिल्या बाकावर बसवलं
आणि गेंड्याला शेवटच्या, खिडकीपाशी.
विल्केरने तोंड उघडलं, मिटलं.
बाईंना कसं सांगायचं?
तेवढ्यात वेळ संपली.

मग माझ्या हातात काहीच नव्हतं.
लढाई आपली आपण होते,
आपण नुसतं बघायचं.
पलीकडे कुणीतरी, कुठल्या देशातलं कोण जाणे,
नाव म्हणजे नुसते आकडे;
त्याचा राक्षस पुढे आला
आणि उंदीर पहिल्याच फटक्यात गेला.
शिरस्त्राण तेवढं क्षणभर गरगरत राहिलं.
गेंडा मागे ढिम्म.
त्याला मागून मारताच येत नाही म्हणे.
एकेक जागा रिकामी होत गेली
आणि शेवटी तो एकटा उरला,
शाळा सुटल्यावर न्यायला कुणी न आलेल्या
मुलासारखा.

"पुसून टाक," मी म्हटलं. "पुन्हा मांडू."
"पुसता येत नाही, बाई. साखळीत गेलं ते.
हजारो यंत्रांवर लिहिलं गेलं,
तुम्ही हरलात, कुणाकडून, किती वाजता."
फडकं धरल्यासारखा माझा उजवा हात
हवेत गेला होता. खाली घेतला.
यूस्मेलीचा सातचा पाढा
मी किती वेळा पुसला असेन,
त्याचा पुरावा कुठेही नाही.
कुठेही नसो.

पंखा मंदावला, थांबला.
विल्केर "उद्या" म्हणून उठला.
मी दारात खुर्ची टाकली.
दूर तळ्यावर बिनआवाजाची वीज
चमकत होती, नेहमीसारखी, फुकट,
आणि घरात एक दिवा नाही.
गेंडा पुढे घ्यायचा. उंदीर सगळ्यांत मागे.
त्याला फळा दिसणार नाही,
पण राहील तरी.

मग अंधारातच हजेरी घेतली,
बारा शब्दांची, अर्थ न कळता,
एकेकाच्या नावापुढे जरा थांबत.
सहापर्यंत नीट आले.
सातव्याला अडले.
उठले,
काडेपेटी शोधायला.