तासगावचा डबा

काटेचमच्याच्या पाठीवर जेसिंता कुलकुलं वळते,
मी तळतो.
चरईतल्या या दोन खोल्यांत
नाताळ आधी तेलाच्या वासानं येतो, मग चांदणीनं.
घाणे निवले की माळ्यावरून तीन डबे खाली.

बुडाशी नावं आहेत. मीच घातलेली,
टूल रूममध्ये, जेवणाच्या सुट्टीत, ठिपका ठिपका पंचनं:
गनी. सुब्बय्या. शेवंता.
कंपनीला कुलूप लागलं त्या वर्षी
वागळे इस्टेटच्या गेटवरून जे पांगलो
ते पांगलोच.
गनी हर्णैला, सुब्बय्या निजामाबादला,
आणि कँटीनची शेवंताबाई,
जिनं बंदच्या सात महिन्यांत
चहाची वही एकदाही पुढे सरकवली नाही,
ती तासगावला, लेकीकडे.

डिसेंबरात डबे जातात, उन्हाळ्यात परत येतात, भरून.
शेजारचा डबा रिकामा परत करू नये
हे कुठल्या ग्रंथात नाही,
चौघांच्याही आयांनी सांगितलेलं आहे.
हर्णैचे सोडे. निजामाबादची हळकुंडं.
तासगावचे बेदाणे, ते रममध्ये बुडून
पुन्हा केकातून तासगावलाच जातात.

यंदा मे महिन्यात तिचा डबा आला तो रिकामा.
चिठ्ठी नाही. बेदाण्याचं देठसुद्धा नाही.

मी हयातभर व्हर्नियर धरलेला माणूस,
मिलीमीटरचे दोन शतांश चुकले तर जेवण जायचं नाही.
मनात आलंच:
पार्सलचा खर्च, रवा, साखर,
पस्तीस नाताळ, आणि हे.
बोललो नाही. डबा माळ्यावर सरकवला.
सात महिने तिथंच होता.

काल जेसिंतानं काढला.
"रिकामा आला रे आला म्हणतोस. घासलाय बघ."

घासला होता. राखेनं, नारळाच्या शेंडीनं,
कडेच्या चेपेतला काळपटपणासुद्धा निघेपर्यंत,
त्या वयाच्या हातांनी.
आत डोकावलो तर माझंच तोंड,
पसरट, पांढऱ्या मिशांचं,
पकडल्यासारखं.

फोन लावला. लागला नाही.
लागला असता तर काय विचारणार होतो,
बेदाणे कुठंयत?

गोठा मांडून झालाय. गाय, मेंढरं,
बाळकूमहून आणलेला पेंढा,
एक हात तुटलेला मेंढपाळ, त्याला मी पितळेचा बसवलाय.
मधली गव्हाण तेवढी मोकळी,
मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत मोकळीच ठेवायची.
लहानपणी मी विचारायचो, बाळ हरवलं काय गं?
आई म्हणायची, जागा करून ठेवलीय.

आज डबा भरला. झाकण बसेना इतका.
वर चिठ्ठी, माझ्या ठोकळा अक्षरात:
"शेवंताबाई, डबा परत धाडू नका.
घरात ठेवा. घरात डबा लागतोच.
तुमचा चहा अजून माझ्या अंगावर आहे
आणि तो मला फेडायचा नाही.
इनास, टूल रूम."

खोपटच्या डेपोत पार्सलवाल्या पोरानं विचारलं, आत काय?
खाऊ.
किंमत?
लिही काहीतरी.
"काहीतरी नाही चालत काका, आकडा लागतो."
जुन्या सवयीनं हात वरच्या खिशात गेला,
खिशात रुमाल होता.
शेवटी त्यानंच शंभर लिहिले.

परतताना तलावपाळीवर कुणी शिडीवर चढून
कंदील अडकवत होतं, दिवाळीतलाच असावा.

घरी माळ्यावर धुळीत तीन स्वच्छ गोल.
दोन उन्हाळ्यात भरतील.
जेसिंता ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढली,
मी म्हटलं, तिसरा
राहू दे.