सहीची जागा

फिनलंडहून आउलिक्की आली, सहा आठवडे, बिनपगारी,
पात्यांचा डबा सांभाळत.
मोंगूत तिसऱ्याच दिवशी वीज गेली.
ती हात बांधून बसली.

इनोंगेनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा काढला,
पर्समधला आरसा तिरपा लावला,
झांबेझीच्या पुरावरचं ऊन
नळीत वळवलं.

"कर्करोग नाही, बाई.
ही केंद्रकं बघा, घोड्याच्या नालासारखी.
क्षय."

आउलिक्कीनं पाहिलं. पुन्हा पाहिलं.
मग आपल्या सहीशेजारी जागा सोडून
पेन सरकवलं.

अकरा वर्षं नुसत्या काचा रंगवलेली इनोंगे
क्षणभर
स्वतःचं आडनावच विसरली.

बाहेर बाकावर नावाडी,
मानेवरच्या गाठीवर हात,
सकाळपासून
एका शब्दासाठी बसलेला.
तो सांगायला
आज तीच उठली.