कोमट

मशीन मद्रासच्या बंदरातून आलं तेव्हा
डॉक्टर बेळ्यप्पा स्टेशनपासून बैलगाडीच्या पुढे चालत आले,
सुटाबुटात, खड्डा दिसला की छत्रीने खूण करत,
जणू गाडीत दिवस भरलेली बाई होती.

सात वर्षं लंडनला काढून माणूस म्हैसूरला परततो
आणि त्याला खोली मिळते
जिथे आधी इस्पितळाच्या चादरी उकळायचे.
भिंतींना सोड्याचा वास. दारावर नवी पाटी.
शिपायाने विचारलं, नसांचे डॉक्टर म्हणजे मालीशवाले का?
डॉक्टर म्हणाले, जवळपास.

मी वीस वर्षांची. माझं काम केस धुणं.
तेलकट डोक्याला तारा चिकटत नाहीत,
आणि आमच्याकडे बिनतेलाचं डोकं कुठलं?
शिकेकाईने किती डोकी धुतली मी,
माहुताचं, अमलदाराचं, रेशमाच्या कारखान्यातल्या पोरींची.
मेंदूच्या इतकं जवळ जाऊन मला एवढंच कळलं
की मानेच्या वर, मागे, एक खळगा असतो,
तिथे बोट टेकलं की माणूस डोळे मिटतो.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पाणी भरायचा सण.
हंडे घासायचे, गळ्यात वेल बांधायची,
पहाटे चंबूमागून चंबू कढत पाणी डोक्यावर.
दोन दिवसांनी आमच्या दाराशी रांग:
तिसऱ्या चंबूला हसला, पाचव्याला नजर थिजली, सातव्याला पडला.
कुणी न्हाणी पाडून टाकली होती.
कुणी सून माहेरी धाडली होती.

डॉक्टर विचारत, पाणी किती कढत?
सोसेल इतकं, म्हणत. किंवा, न सोसेल इतकं.
मग ते थर्मामीटर घेऊन हिंडले
नंजनगूडपासून कोळ्ळेगालपर्यंत, लोकांच्या न्हाणीत वाकून.
बायका पदराआड हसल्या:
विलायतेहून आला, आणि पाणी तापलं का बघतोय!

तारा लावलेल्या डोक्यावर पाणी ओतायला वायरमन घाबरला.
डॉक्टरांनी बाह्या सारल्या, चंबू स्वतः उचलला.
सहाव्या चंबूला
आठही लेखण्या एकदम उठल्या,
शाई भिंतीवर उडाली.
ते डाग पुढे कुणाला पुसू दिले नाहीत.

औषध असं की लोकांना पैसे परत मागावेसे वाटत.
चिठ्ठीवर एक शब्द, कोमट,
आणि खाली पदव्यांची लांबलचक शेपूट.

चौडम्मा कोष उकळणारी. दिवसभर हात वाफाळत्या पाण्यात,
बोटांची कातडी कागदासारखी. हातांना काही होत नसे.
तिने चिठ्ठी घेतली नाही.
म्हणाली, चौथ्या चंबूला कारखान्याचा आवाज थांबतो, सामी.
मग कुणीतरी हाक मारतं,
लग्नाआधीच्या नावाने.
सगळं नका काढू. थोडं राहू द्या.

डॉक्टरांचं पेन तसंच वर.
कोणतं नाव, त्यांनी विचारलं.
ती नाही म्हणाली, म्हणजे नुसती मान हलवली.
ते उठले, हात धुतले,
कुणाला शिवलेही नव्हते.

छापून आलेल्या लेखात आहे:
रुग्ण क्रमांक सतरा, पुन्हा आली नाही.
आली होती. तीन दिवाळ्या.
तिचे केस मीच धुतले, मुळाशी अजून ऊन असलेले.

पुढे सहा मजली इमारत झाली. परदेशचे लोक आले.
मशीनची शाई गेली, पडदा आला, माझी नोकरी गेली
आणि मग डॉक्टरही, एका माघी सकाळी,
पेपर वाचता वाचता.

टेबल आवरायला मला बोलावलं होतं.
खालच्या खणात रेषांच्या कागदाची एक घडी.
क्रमांक नाही. कडेला शिसपेन्सिलीने, कानडीत,
पाचसहा बायकांची नावं, एकेक खोडलेलं,
शेवटच्यापुढे प्रश्नचिन्ह.

घडी मी घरी आणली.
मधोमध तेलाचा डाग आहे.
त्या दिवशी माझंच धुणं कच्चं राहिलं असणार.